व्याख्या क्रमांक एकोणीस

"कोणी लिहिलंय हे? नाव सांगा मला त्याचं!" वहिनीने निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका टेबलावर आपटली. "खुर्चीत बसून कागद काळे करणारा कोणी तरी मेला! त्याला एकदा स्वतःच्या घरातून निघावं लागलं म्हणजे कळेल!"

चिमी मान खाली घालून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत राहिली. त्रेपन्न वर्षांची, कालवा खात्यात वरिष्ठ कारकून झालेली बाई, पण या घरात अजून चिमीच. एका कपाला तिने तीन तीन कागद गुंडाळले, तरी मान काही वर होईना.

"अगं, कोणी तरी लिहिणारच ना," दादा दारातून म्हणाला. "पाऊस पडला तर ढगाचं नाव विचारतेस का तू?"

"तुमचं हे नेहमीचंच! वन्सं, तुम्ही ऑफिसातल्या. तुम्हाला ठाऊक असेल की."

"साहेबांच्या सहीनं निघालंय," चिमी म्हणाली. हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

दादा एकोणतीस वर्षं या लॉकवर होता. वरच्या अंगाला कालवा उंच, खालच्या अंगाला दोन पुरुष खोल, आणि मध्ये दगडी हौद, हौदाला दोन्ही बाजूंनी लाकडी दारं. बोट हौदात घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडायचं, की बोट अलगद खाली उतरते. एवढंच काम. पण एकेका दाराला आडवं तुळईएवढं लाकूड, आणि त्याला पाठ लावून, टाचा रोवून ढकलल्याशिवाय दार पाण्यातून हलत नसे. तरुणपणी दादा दिवसाला चाळीस बोटी उतरवायचा. पुढे रस्ता झाला, ट्रक आले, बोटी आटल्या. बोटी येत नाहीत म्हणून खात्याने खालचा गाळ काढला नाही, आणि गाळ काढला नाही म्हणून उरलेल्या बोटीही यायच्या थांबल्या. आता वर्षातून एकदा, वरून जास्तीचं पाणी सोडून, गवत कापायची खात्याची सपाट बोट तेवढी खाली जायची. त्या एका बोटीवर लॉक कागदोपत्री जिवंत होतं, दादाची नोकरी होती आणि लॉकला चिकटलेलं हे दोन खोल्यांचं घर होतं.

आता त्या पुस्तिकेचं सांगायचं तर, खात्यात कोणी गाळ म्हणे, कोणी रेंदा, कोणी नुसताच चिखल. एका विभागाचा कागद दुसऱ्याला कळेना. म्हणून वरून हुकूम आला की सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, आणि शब्दांच्या व्याख्या करायचं काम चिमीच्या गळ्यात पडलं. साहेबाला दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या, चिमीला येत होत्या. तिने तीन वर्षं खपून एकशे चौदा शब्द केले. लॉकला पुस्तिकेत 'जलपाश' म्हणायचं ठरलं. दादा हसून म्हणाला होता, "एवढा अवघड शब्द ऐकला तर असलेली बोटसुद्धा माघारी जाईल."

एकोणिसावी व्याख्या होती वापरातल्या जलपाशाची. 'ज्यातून वर्षभरात किमान एक बोट गेली आहे असा जलपाश.' चिमीला ती ढिली वाटली. खात्याने आपलीच बोट नेली तर तो वापर कसला? तिने चार शब्द घातले: 'खात्याच्या स्वतःच्या बोटी वगळून.' साहेब खूश. "वा बाई, फट बुजवलीत!" आठ दिवस ती हवेत होती. त्या घटकेला तिला दादा आठवलाच नाही. हेच तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं. रागाने केलं असतं, स्वार्थाने केलं असतं, तर निदान कारण तरी असतं. हिने आपलं वाक्य सुबक व्हावं म्हणून केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वर्षअखेरीला बिनवापराच्या जलपाशांच्या याद्या व्हायला लागल्या तेव्हा तिला दादाचं लॉक आठवलं. तिने फोन केला. "दादा, लॉकच्या वहीत एखादी बाहेरची बोट लिहून टाक की. कोण बघतंय?"

"लिहितो," दादा म्हणाला. "रंग कुठला लिहू?" आणि त्याने फोन ठेवला. वही कोरीच राहिली.

लॉक बंद करायचा हुकूम निघाला. दादाला शहरातल्या गोदामावर नोकरी आणि खात्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळणार होती. पण लॉक खात्याला परत दिल्याच्या ताबा-पत्रकावर आज संध्याकाळपर्यंत सही झाली नाही, तर खोली यादीतल्या पुढच्याला जाणार. परका माणूस यायला नको म्हणून ते पत्रक घेऊन चिमी स्वतः आली होती.

"चल, फळ्या टाकून हौद रिकामा करून द्यायचाय," दादा म्हणाला. "दोघं लागतात. मदतनीसाची जागा तर केव्हाच गेली."

वरच्या दाराच्या अलीकडे दोन्ही भिंतींत खाचा होत्या. त्यांत जाड फळ्या एकावर एक सोडल्या की वरचं पाणी अडतं. चिमीने पुस्तिकेत 'अडफळी' या शब्दाची फार नेटकी व्याख्या केली होती. तीत फळीचं वजन नव्हतं. पहिल्याच फळीला तिच्या कमरेतून कळ निघाली.

"पायांनी उचल गं, पाठीनं नको. हां. आता खाचेत सरळ. वाकडी गेली की अडकते, मग ती काय तुझ्या बापाला ऐकत नाही."

"माझा बाप तोच तुझा बाप."

"म्हणूनच म्हणतो ना. मलाही ऐकत नाही."

दोघं हसली. नवव्या फळीपर्यंत तिचे तळवे सोलवटले होते. मग दादाने खालच्या दाराच्या झडपा उघडल्या आणि हौदातलं पाणी घोंघावत जाऊ लागलं. ती दोघं काठावर बसून बघत होती. भिंतींवरचं हिरवं शेवाळ हळूहळू उघडं पडत होतं.

"दादा," ती म्हणाली. "ती व्याख्या..."

"तुझी आहे. ठाऊक आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? साहेबाला इतकं नीट लिहिता येतं होय? वाचलं आणि म्हटलं, ही आपली चिमी. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही." तो कौतुकाने बोलत होता, आणि तेच तिला सोसवेना. तिने मारून घेतल्यासारखा हात कपाळावर नेला.

"शिव्या तरी दे रे मला!"

"देऊन काय, बोटी येणारेत?" त्याने घराकडे एकदा पाहिलं. खिडकीतून वहिनीचा भांड्यांशी चाललेला तंटा ऐकू येत होता. "हिला मात्र सांगू नकोस. तिला तुझ्याशिवाय आहे कोण? उद्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर बसून ती तुझीच वाट बघणारे."

चिमी रडली. दादाने तिला रडू दिलं. पाणी तळाला गेलं आणि हौदात नुसता काळा गाळ उरला. वर्षानुवर्षांचा कुबट वास वर आला.

मग तिने डोळे पुसले आणि पिशवीतून पत्रक काढलं. दादाने खिशातून चष्मा काढून ते सावकाश वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. 'बंद करण्याचे कारण : दारे नादुरुस्त.'

"हे काय?"

"छापीलच असतं ते. सगळ्या पत्रकांवर तेच आहे. त्याला काही अर्थ नाही रे दादा, तू सही कर."

"दारं नादुरुस्त नाहीत."

"अरे पण..."

"चिमे, गेल्याच महिन्यात वंगण घातलंय मी. माझ्या हाताखाली दारं नादुरुस्त झाली असं मी लिहून देणार नाही."

"सही नाही केलीस तर खोली जाईल! वहिनीला कुठे नेशील?"

"मग तू खरं लिही, मी सही करतो."

"छापील ओळ खोडायची नसते. साहेब परत पाठवेल. मला मेमो देईल."

दादा उठला आणि खालच्या दाराशी गेला. तिने पिशवीतून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पत्रक मांडीवर धरलं. "काय लिहू, सांग."

"इकडे बघ आधी," तो म्हणाला. "बघून लिही."

ती बघत राहिली. सवयीप्रमाणे त्याने आडव्या लाकडाला पाठ लावली, टाचा रोवल्या आणि सगळा भार टाकला. अडवायला पाणीच नव्हतं. दार झर्रकन फिरलं, दादाचा तोल गेला, आणि पडता पडता त्याने लाकूडच धरलं. सावरून उभा राहिला तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता. मग त्याने एकाच हाताने ते हलकेच मागे आणलं. चिखलावरून दार गुपचूप आलं आणि चौकटीला लागलं. कुठेही कुरकुरलं नाही.

चिमीने छापील ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'दारे चालू आहेत.'