न सुटलेल्या पेशी

केजच्या कॉलेजात गंगासागर सकाळपासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. रत्नागिरीहून एसटीनं, थर्मोकोलच्या पेटीत आलेल्या समुद्री साळूंची, म्हणजे काटेरी सी-अर्चिनची, अंडी तिनं फळवली होती. पुन्हा मिळणार नव्हती. दुपारी रत्नागिरीच्या प्रयोगशाळेच्या मॅडम येणार होत्या. प्रयोग जमला तर तिथली जागा तिची.

अंडं फळलं की त्याच्या पृष्ठभागावर पातळ थर उमटतो. एका पेशीच्या दोन झाल्या तरी तोच त्यांना कवेत धरतो. त्याला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम नसलेल्या खाऱ्या पाण्यात तो विरतो आणि पेशी सुट्या होतात. तेच तिला दाखवायचं होतं.

पण पेशी सुटेनात.

क्षार तिनं स्वतः तोलले होते. राहिलं डिस्टिल्ड वॉटर. कॉलेजच्या ऊर्ध्वपातन यंत्राला थंड राहायला नळाची धार लागते आणि दुष्काळात नळ कोरडे. म्हणून उरलेला एकच कॅन तिनं सिद्धेश्वरच्या हवाली केला होता. दोघं युसूफ वडगावचे, पहिलीपासून एका बाकावरचे.

तिनं कॅनमधलं पाणी परीक्षानळीत घेतलं, साबणाचा चुरा टाकून हलवलं. फेस नाही. वर पांढरा साका, म्हणजे पाण्यात कॅल्शियम. हे पाणी गावातली कुठलीही बाई ओळखेल.

"सिध्या, हे बोअरचं हाय."

सिद्धेश्वरनं खिडकीबाहेर पाहिलं. लाइट गेलेली, समोरच्या दूध सोसायटीत मात्र पंखा फिरत होता.

"सोसायटीच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या सुकल्या होत्या. सुंदररावांनी मागितलं. चेअरमनला न्हाई म्हणू? तिथं नोकरीला लावतो म्हणलेत मला."

"अन् बोअरचं कावून भरलंस?"

"रिकामा कॅन बघून बोंबलली असतीस की! तसंबी तू खारंच करणार होतीस."

"काल सांगितलं असतंस तर साळू राखले असते रे मी. अंडी काढलीच नसती."

तो समोरच्या पंख्याकडेच बघत राहिला.

मॅडम आल्या. सूक्ष्मदर्शकात पाहिलं, साका पाहिला.

"कॅन कुणी भरला?"

"तिच्याच ताब्यात होता मॅडम," सिद्धेश्वर म्हणाला. "मी नुसतं उचलू लागलतो."

गंगासागरनं त्याच्याकडे पाहिलं. त्याची पापणीही लवली नाही.

"वापरण्याआधी पाणी तपासलं का नाहीस?" मॅडमनी तिला विचारलं.

"सिद्धेश्वरनं सांभाळलं होतं, म्हणून."

"तरी तपासायचं असतं," म्हणत मॅडमनी निघायला पिशवीची चेन लावली.

"चहा सांगतो," म्हणून सिद्धेश्वर निघाला. रस्ता ओलांडून तो सोसायटीत शिरला आणि पंख्याखाली बसला.