दिवा, चप्पल, दांडी

“पडण्याची कारणं सांग. घरातली आधी, शरीरातली नंतर.”

आत्याबाईंनी माझं पुस्तक मांडीवर उघडं धरलं होतं आणि पेन्सिल कानावर खोचली होती. मी बेसिनपाशी उभी राहून कढई घासत होते. ड्यूटीची वेळ होत आली होती, अंगावरची साडीसुद्धा अजून घरातलीच होती, आणि या बाईंना पडण्याची कारणं हवी होती.

“ओली फरशी, अंधार, पायात येणारी सतरंजी, सैल चप्पल. शरीरातली म्हणजे नजर, गुडघे, झोपेच्या गोळ्या, उठल्याबरोबर रक्तदाब खाली येणं,” मी एका दमात सांगून टाकलं. “आत्याबाई, हे काल झालं. परवाही झालं. आता पुढचा धडा घ्या ना!”

“पाया कच्चा ठेवून पुढे पळणाऱ्यातली मी नाही. पुन्हा सांग. आणि कढई न आपटता सांग.”

आता अशा माणसापुढे काय बोलणार? सांगितलं पुन्हा. न आपटता.

आत्याबाई म्हणजे आमच्या ह्यांची आत्या. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. हे लहान असतानाच ह्यांची आई गेली, तेव्हा आत्याबाईंनीच ह्यांना वाढवलं. म्हणजे नात्यानं आत्या, पण सासूपणाचा सगळा कारभार त्यांच्याकडेच. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्यांच्यातली शाळा काही सुटली नव्हती. दूधवाल्याचा हिशेब असो की माझी भाजी, सगळ्याला त्या मनातल्या मनात गुण देत आणि ते तोंडावर सांगत.

मी पहिल्या खेपेला या परीक्षेत आपटले तेव्हा सगळ्यांनी माझी समजूत काढली. हे म्हणाले, जाऊ दे गं. मैत्रिणी म्हणाल्या, पेपरच वाईट होता. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, “अभ्यास कुणी घेतला होता?” मी म्हटलं, कुणीच नाही. “मग बरोबर आहे,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, ते घेतलंच.

ही परीक्षा म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेचं खास सर्टिफिकेट. मेट्रननं सगळ्यांना एका रांगेत उभं करून सांगितलं होतं, की यापुढे ज्येष्ठांच्या वॉर्डात सर्टिफिकेटवाल्याच सिस्टर राहतील. बाकीच्यांनी ओपीडीच्या खिडकीवर जायचं. म्हणजे दिवसभर काय, तर केसपेपर द्यायचा आणि ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडायचं. मला ते जमायचं नाही. माझे केस काळे होते तेव्हापासून मी त्या वॉर्डात आहे. कुठल्या आजोबांना त्यांच्या जुन्या सायकलचं विचारलं की गोळी गिळतात, कुठल्या आजींची उशी भिंतीकडे ठेवली नाही तर त्या झोपत नाहीत, हे माझ्या हाडात मुरलंय. तिथून कुणी मला उचलून खिडकीत नेऊन बसवेल, या नुसत्या विचारानं मला रडू यायचं. सरळ सांगते, यायचं.

त्यामुळे त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. कपडे वाळत घालताना मी धडे पुटपुटायचे, बसमध्ये पुटपुटायचे, एकदा तर चालत्या लिफ्टमध्ये पुटपुटत राहिले आणि दोन वेळा वरखाली करून आले. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणाले, “लिफ्टमध्ये माणसं अडकलेली पाहिलीत, पण स्वतःहून मुक्काम करणारी तूच.” मी अशी काही डाफरले की बिचाऱ्यांनी पुढचा आठवडाभर विनोद केला नाही.

लेखी परीक्षेचं एक वेळ निभलं असतं, पण खरी धास्ती तोंडीची होती. परीक्षकासमोर एका वृद्ध माणसाची स्मृती तपासायची. तीन शब्द सांगायचे, ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचे. मग कागदावर घड्याळ काढायला लावायचं, आपण सांगू ती वेळ दाखवायला सांगायचं. आणि मग हळूच विचारायचं, मघाचे तीन शब्द कोणते? वाटतं सोपं. पण आवाज चढता कामा नये, घाई दिसता कामा नये, भुवईनंसुद्धा उत्तर सुचवायचं नाही. आणि माझी भुवई म्हणजे माझ्या तोंडाआधी बोलणारी.

सरावाला माणूस हवं होतं, आणि घरात आत्याबाई होत्या.

“चावी, झाड, खुर्ची,” मी म्हणायचे. त्या म्हणायच्या. मग घड्याळ. अकरा वाजून दहा मिनिटं, पुस्तकातलीच वेळ. वर्तुळ कसं, बांगडी ठेवून काढल्यासारखं. आकडे जागच्या जागी. काट्यांना वर बाणसुद्धा काढायच्या. आणि मग तीन शब्द, फाडफाड.

“पैकीच्या पैकी?” त्या विचारायच्या.

“पैकीच्या पैकी.”

“यापेक्षा अवघड नाहीत का गं तुमच्याकडे? असले शब्द मी पहिलीच्या पोरांना देत होते.” असं म्हणायच्या, पण चेहरा फुलायचा. रोज संध्याकाळी हा कार्यक्रम. माझा आवाज ताळ्यावर यायला लागला, भुवई ऐकायला लागली.

मधेच एकदा रिकामं पातेलं गॅसवर तापत राहिलं. एकदा दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडली. मला वाटलं, माझ्याच हातून झालं असेल, माझं डोकं कुठे ठिकाणावर आहे! एका रात्री हे जेवून हात धुऊन आले, तर आत्याबाई म्हणाल्या, “बस रे, वाढते. उपाशी झोपू नकोस.”

ह्यांनी मला बाजूला घेतलं. “आत्या हल्ली विसरते का गं?”

“काहीतरीच काय! रोज तपासते मी त्यांना. वॉर्डात निम्म्यांना घड्याळ काढता येत नाही, आणि ह्या तर काट्यांना बाणसुद्धा काढतात.”

“मग बरं,” हे म्हणाले. त्यांना एवढं पुरतं. दार लागलं, दिवा लागला, की लिफ्ट ठीक. ते निर्धास्त झोपले, आणि मला मात्र राग आला, की माझ्या परीक्षेच्या तोंडावर ह्यांना हे भलतंच कुठून सुचतं.

या खेपेला हॉस्पिटलनं परीक्षेसाठी तास ठेवले होते; शेवटच्या तासाला ट्यूटर सिस्टरनं तोंडीची उजळणी घेतली. सगळं मला येत होतं. मी खिडकीतून बाहेर बघत पेनाचं टोपण चावत होते. तेवढ्यात ती जाता जाता म्हणाली, “आणि एक लक्षात ठेवा. त्याच माणसाला पुन्हापुन्हा तेच शब्द द्यायचे नाहीत. त्यात स्मरण मोजलं जात नाही, पाठांतर मोजलं जातं.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी वही मिटली.

मी बसची वाट बघितली नाही, तरातरा चालत सुटले. डोक्यात एकेक गोष्ट उलटी होऊन पडत होती. पातेलं. दुधाची पिशवी. बस रे, वाढते. आणि पडण्याची कारणं! रोज पडण्याची कारणं! मी त्याला मास्तरकी म्हणत होते. त्या माझा पाया पक्का करत नव्हत्या, रोज तो धडा पहिल्यांदाच उघडत होत्या. वॉर्डात दुसऱ्याच्या आईच्या डोळ्यांत बघून मला हे कळतं, आणि माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मी स्वतः रोज त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घेत होते. मी स्वतःला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आले तर आत्याबाई पुस्तक उघडून टेबलाशी बसलेल्या. “आलीस? बस. पडण्याची कारणं सांग.”

“आधी तुमची परीक्षा,” मी म्हटलं. चपलासुद्धा पायातच होत्या. “तीन शब्द सांगते. ढग, बादली, सुई.”

“ढग, बादली, सुई,” त्या म्हणाल्या.

“आता घड्याळ काढा. चार वाजायला वीस मिनिटं कमी.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. वर्तुळ आलं, आकडे आले, काटे आले, बाण आले. अकरा वाजून दहा मिनिटं.

मी हळू आवाजात वेळ पुन्हा सांगितली.

“काढलंय की,” त्या म्हणाल्या.

“बरं. मघाचे तीन शब्द कोणते?”

“चावी, झाड, खुर्ची!” जराही न अडखळता. पेन्सिल पुन्हा कानावर गेली. “पैकीच्या पैकी?”

किती घरच्यांना मी ही बातमी दिलीय. शेजारी बसून, हात हातात घेऊन, शब्द तोलून. आता मी नुसता कागद सरळ करत बसले. भुवई हलली नाही याची खात्री आहे. पण समोर मास्तरीण बसली होती.

“किती मिळाले?” त्यांनी विचारलं.

“आत्याबाई, चहा करू का आधी?”

“चहा राहू दे. किती?”

“एकही नाही.”

त्या कागदाकडे बघत राहिल्या. घड्याळ त्यांना पुन्हापुन्हा बरोबरच दिसत असावं, कारण त्यांनी काटे बोटानं तपासले. मग कागदाची घडी घातली. “मी कधी कुणाला फुकटचे गुण दिले नाहीत,” त्या म्हणाल्या. “घेणारही नाही. बरं केलंस, खरं सांगितलंस.” आणि मग, मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात, “मला वाटत होतं गं मनातून. पुस्तक उघडलं की सगळं कोरंच वाटतं. म्हटलं, तुझी परीक्षा होईपर्यंत कुणाला कळू नये.”

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. लहान पोरीसारखी रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“मी नाही बसत परीक्षेला,” मी म्हटलं. “आधी तुमचं बघू.”

“तोंड धू,” त्या म्हणाल्या. “माझं बघायला तुझ्यासारखी शिकलेली बाई लागेल की अर्धवट? ऊठ. पडण्याची कारणं सांग.”

मी तोंड धुतलं आणि सांगितली. घरातली आधी, शरीरातली नंतर.

डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी नेलं. त्यांनी रक्त तपासलं, मेंदूचे फोटो काढले, आणि मला जे कळून चुकलं होतं तेच सांगितलं. गोळ्या दिल्या, त्या किती उपयोगाच्या तेही प्रामाणिकपणे सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि घरी येईपर्यंत आत्याबाईंचा हात सोडला नाही. मग परीक्षा झाली. मी पास झाले. छातीवर नवा बॅज आला, वॉर्डातल्या सायकलवाल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मेट्रन म्हणाली, “मला खात्री होती.” तिला काही खात्रीबित्री नव्हती. मला खूप आनंद व्हायला हवा होता, पण तो झालाच नाही. जीव सगळा घरी.

कारण आत्याबाई आता धडपडायला लागल्या होत्या. दुपारी झोपून उठल्या की कुठे आहोत ते कळायचं नाही, पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत अनवाणीच निघायच्या. एकदा दाराला कोपर आपटून काळंनिळं झालं. मी सांगायचे, उठलात की आधी दिवा लावा. त्या ‘हो’ म्हणायच्या आणि विसरायच्या. मी पुन्हा सांगायचे. माझा आवाज चढायचा. सर्टिफिकेटवाल्या सिस्टरचा आवाज!

एकदा अशीच चिडून बसले होते. त्या आल्या, समोर बसल्या, माझा उतरलेला चेहरा बघून म्हणाल्या, “अभ्यास नाही झाला वाटतं? चावी, झाड, खुर्ची. हे बघ, मला येतंय.”

आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. नातेवाइकांची नावं गळत होती, वार गळत होते, आणि हे तीन शब्द भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखे जागेवर. पाठांतर मोजलं जातं, ट्यूटर म्हणाली होती. मग हवंय कुणाला स्मरण? पाठांतरच करू!

ह्यांनी एका रविवारी पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला स्टीलची दांडी बसवली, लिफ्टमध्ये असते तशी. दिव्याचं बटण उशाशी आणलं. मी घट्ट पट्ट्याच्या चपला आणल्या. आणि संध्याकाळी समोरासमोर बसले.

“आत्याबाई, तीन शब्द सांगते. दिवा, चप्पल, दांडी.”

“दिवा, चप्पल, दांडी.”

रोज. नुसतं तोंडानं नाही, पलंगावर आडवं करून, उठवून, हातानं आणि पायानं. बटण दाबायचं, चप्पल घालायची, दांडी धरायची. दिवा, चप्पल, दांडी. त्या कंटाळायच्या, मी नाही. हे म्हणाले, “तू आता आत्या झालीस.”

वर्ष होऊन गेलं. परवाची गोष्ट. मला सुट्टी होती. दुपारी पडदे ओढून आत्याबाई झोपल्या होत्या, मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. आतून पलंग करकरला. मी उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. आत जायचं नाही, सुचवायचं नाही. श्वाससुद्धा रोखून धरला.

बटणाचा आवाज झाला. दाराच्या फटीतून उजेड आला. मग चपलांची खरखर, एक पाय, बऱ्याच वेळानं दुसरा. मग त्यांच्या बोटातली अंगठी दांडीवर वाजली.

दार उघडलं. माझ्याकडे त्यांनी नीट निरखून बघितलं, चष्म्याच्या वरून.

“तुम्ही कुणाच्या आई?” त्यांनी विचारलं. “निकाल अजून लागलेला नाही, बाई. बसा बाहेर.”

वाईट वाटलं. खूप वाटलं. हे कधीतरी होणार हे मला पुस्तकातून पाठ होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

“बसते, बाई,” मी म्हटलं. “तेवढे तीन शब्द कोणते ते सांगा.”

“दिवा, चप्पल, दांडी.” एका दमात. मग जरा थांबून, “पैकीच्या पैकी?”

“पैकीच्या पैकी.”

त्यांनी मान हलवली, आणि दांडीवरचा हात न सोडता बाथरूमकडे गेल्या.