माणसं सात, दिवे आठ

धाकटी कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून आलेल्या प्लॅस्टरच्या साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा आणि म्हातारं माणूस हसलं तर ते हसू त्याचं स्वतःचंच वाटेल असं बघायचं, हे तिचं काम. तेरा वर्षं ती हेच करत होती. हात सराईत होते, तोंड मात्र बेताचंच चालायचं. घरात बोलायचं काम तिच्या थोरल्या बहिणीचं.

ताई पोस्टात खिडकीवर बसायची. रांगेतल्या प्रत्येकाची विचारपूस करायची आणि संध्याकाळी ती सगळी नवऱ्याला नि धाकटीला ऐकवायची. तिनेच या दोघांना त्या खेळात ओढलं होतं. खेळ इंटरनेटवरचा, सुपरहिरोंचा. एक मोठं काल्पनिक शहर. त्यात आपापला हिरो घडवायचा, त्याला नाव आणि एखादी अचाट शक्ती द्यायची आणि दुष्टांशी लढत एकेक पातळी चढत जायचं. ताईने आपल्या नायिकेचं नाव ठेवलं फुंकर. ती जखमी साथीदारांना बरं करायची. भावजी लिफ्ट दुरुस्त करायचे. खेळात ते पहाड झाले, शत्रूचा मार अंगावर झेलणारे. धाकटीच्या वाट्याला ठिणगी आली, तीही ताईनेच निवडलेली.

सगळ्या पातळ्या संपल्या की त्या खेळात एकच गोष्ट उरते, आणि ती एकट्याने करता येत नाही. आठ जणांनी मिळून एका बलाढ्य शत्रूवर चालून जायचं. खेळणारे तिला रेड म्हणतात. यांचा आठ जणांचा गट दर रविवारी दुपारी चार वाजता जमायचा. गटप्रमुख होत्या गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाईच म्हणायचे. शिवाय लाँड्री चालवणारे दोघे भाऊ, एक औषधविक्रेता आणि एक नर्स. एकमेकांना त्यांनी पाहिलं नव्हतं, पण हेडफोनमधल्या श्वासावरून कुणाला सर्दी झालीय ते ओळखायचे.

शेवटची रेड होती काळोख्याची. तो शहराचे दिवे गिळायचा. त्याला हरवायचं तर शेवटच्या क्षणी आठ दिव्यांपाशी आठ जणांनी एकाच वेळी उभं राहायला हवं. ताई असताना ते तिथवर दोनदा पोचले होते आणि दोन्ही वेळा थोडक्यात हरले होते. मग ताईला साधा वाटणारा ताप आला आणि बाराव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर पाच रविवार कुणी आलं नाही. सहाव्या रविवारी धाकटीने चार वाजता हेडफोन चढवला, तर बाकीचे सहाही जण आधीच येऊन बसले होते. बाईंनी नेहमीच्या आवाजात हजेरी घेतली, फुंकरपाशी अडखळल्या आणि पुढे गेल्या. जखमा बऱ्या करायचं काम धाकटीने आपल्याकडे घेतलं.

माणसं सात आणि दिवे आठ. ही रेड सात जणांना जिंकता येणार नाही, हे लहान मुलालाही कळलं असतं. बाई तर गणिताच्या. तरी कुणी एकदाही म्हणालं नाही की आठवं माणूस शोधू या. दर रविवारी ते जमायचे, सात दिवे पेटवायचे, आठव्या दिव्यापाशी काळोख पडायचा आणि सगळे हरायचे. मग दोन-चार मिनिटं इकडचं तिकडचं बोलून, पुढच्या रविवारी भेटू म्हणून निघायचे. धाकटी आणि भावजींचं एरवी फारसं बोलणं होत नसे. दहा मिनिटांच्या अंतरावर राहून ती त्यांच्या घरी क्वचितच जायची. ताईशिवाय एकमेकांशी काय बोलायचं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. रविवारचं ते हरणं तेवढं दोघांचं मिळून होतं.

दोन वर्षं होत आली तेव्हा एका मंगळवारी भावजी तिच्या कामाच्या जागी आले. हत्यारांची पिशवी खांद्याला होती, पण शर्टाला इस्त्री होती. धाकटी एका आजोबांची वरची कवळी करत होती. त्यांनी स्टूल ओढलं, दातांच्या पट्ट्यांकडे पाहिलं, या इमारतीची लिफ्ट फार आवाज करते असं म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "रविवारसाठी आठवं माणूस मिळेल असं वाटतंय."

धाकटीने मेणावरून नजर न उचलता विचारलं, "चांगली खेळते का?"

भावजींचे कान लाल झाले. ते माणूस म्हणाले होते. बाई की बुवा, ते अजून सांगायचं होतं.

"नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अजिबात नाही."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या शाळेच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, ती आत होती, यांनी वरून दार उघडलं. तिथून ओळख. रविवारी चार ते सहा हे मोकळे नसतात हे कळल्यावर तिने एकदाच कारण विचारलं आणि नंतर तो विषय काढला नाही. पुढे पाच महिन्यांनी तिने स्वतःहून सांगितलं, की आपण खेळाच्या शेवटच्या पातळीला पोचलो आहोत. दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात, झाडाखाली गाडी लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती एकटीच खेळत होती.

"मी खेळायला सांगितलं नव्हतं तिला," भावजी म्हणाले. "ती म्हणाली, तुमचा रविवार सोडायला सांगण्यापेक्षा मी तिथे आलेली बरी."

धाकटी "बरं" म्हणाली. ते गेल्यावर तिच्या लक्षात आलं की उजवी दाढ आपण डाव्या बाजूला बसवली आहे. तिने ती उपटली, मेण पुन्हा वितळवलं आणि त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. भावजींनी चूक काही केली नव्हती. उलट आपल्या आधी त्यांनी जगायला सुरुवात केली, हेच तिला सलत होतं.

बुधवारी संध्याकाळी खेळातल्या सरावाच्या मैदानात तिने त्या बाईला गाठलं. तिच्या नायिकेचं नाव होतं ब्रेक, आणि शत्रूला जागच्या जागी थांबवणं ही तिची शक्ती. धाकटीने तिची चांगलीच परीक्षा घेतली. एकच डाव वीस वेळा करायला लावला. ती वीसही वेळा चुकली आणि एकविसाव्यांदा स्वतःहून उभी राहिली. तक्रार नाही, सारवासारव नाही. शेवटी धाकटीनेच कंटाळून सुचवलं, की हे जमत नसेल तर जखमा बऱ्या करायचं काम घ्या, ते त्या मानाने सोपं आहे.

"ते नको," गाडीवाली म्हणाली. "ती जागा मला नको. बाजूला कुठे असेल तर द्या."

धाकटीने बाविसाव्यांदा डाव मांडला, पण या वेळी जरा सावकाश.

रविवारी चार वाजता सगळे जमले. बाईंनी नव्या बाईचं स्वागत केलं, लाँड्रीवाल्या भावांनी जुजबी थट्टा केली. मग बाई थांबल्या. त्या म्हणाल्या, की गटाच्या यादीत आठच नावं मावतात आणि यादीत आठ नावं आहेत.

नावं सगळ्यांच्या समोरच होती. सात पांढरी आणि सर्वात खाली एक करडं. फुंकर. शेवटची हजेरी सातशे बारा दिवसांपूर्वी.

बाई म्हणाल्या, "प्रमुख म्हणून एक नाव काढायचं काम माझं आहे. पण माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही दोघं सांगाल तसं."

गाडीवाली घाईने म्हणाली, की मी आज नुसती बघते. औषधविक्रेता म्हणाला, आपलं सात जणांचं काय वाईट चाललंय. आणि भावजी म्हणाले, "राहू दे. नको आपण."

धाकटीने तो आवाज ऐकला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो तिने एकदा ऐकला होता. तिने सगळ्यांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं, पायात सपाता होत्या तशीच निघाली आणि भावजींच्या घरापर्यंत जवळजवळ पळत गेली.

त्यांनी दार उघडलं तेव्हा हेडफोन गळ्यात होता. आतल्या खोलीत खिडकीपाशी दोन टेबलं शेजारी शेजारी होती. ताईच्या खुर्चीच्या पाठीला तिचा जांभळा स्वेटर अजून अडकवलेला होता. धाकटीने तो सरळ केला आणि त्या खुर्चीत बसली.

"नाव काढायचा दोनदा प्रयत्न केला मी," भावजी म्हणाले. "बाईंकडून प्रमुखपद मागून घेतलं होतं. तिथपर्यंत जातो आणि मग हात उचलत नाही."

"मी करते. तुम्ही इथे बसा फक्त."

धाकटीने ताईचं यंत्र लावून त्यावर आपली ठिणगी उघडली आणि बाईंनी प्रमुखपद तिच्याकडे दिलं. तिने करड्या नावावर बाण नेला. पडद्यावर चौकट आली: फुंकर यांना गटातून काढायचं का? खाली हो आणि नाही. तिने मनगट टेबलाला टेकवलं, दात बसवताना टेकवायची तसं, आणि हो वर दाबलं. नाव गेलं. खालची ओळ रिकामी राहिली. आवाज नाही, काही नाही. इतक्या सहज व्हावं याचंच तिला वाईट वाटलं.

भावजी रडत होते. दोन वर्षांत तिने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, अगदी त्या दिवशीही नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे ठरायच्या आतच तिने तो ठेवला होता.

"ताई असती ना," ती म्हणाली, "तर तिने आपल्याला केव्हाच फैलावर घेतलं असतं. किती हरतोय आपण."

"शहाण्णव रविवार," भावजी नाक पुसत म्हणाले.

त्यांनीही मोजले होते. धाकटीला वाटत होतं, आपण एकटीच मोजतो. तिला हसू फुटलं, मग त्यांनाही, आणि हेडफोनमधून लाँड्रीवाल्यांपैकी एकाने विचारलं की तिकडे काय चाललंय.

त्या दुपारी ती ताईच्या खुर्चीतून, ताईच्या जुन्या यंत्रावर खेळली. ते हरले. आठवा दिवा पेटणार असं वाटत असताना गाडीवाली भलत्याच दिव्याकडे धावली आणि दोघंजण एकाच दिव्यापाशी उभी राहिली. ती इतक्या मनापासून शरमली की नर्सने धीर द्यायला तिला अर्धा तास स्वतःच्या जुन्या चुका ऐकवल्या. पण सगळ्यांच्या आवाजात कसलीतरी तरतरी आली होती. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच ते चुकून हरले होते.

पुढचे रविवार धाकटी तिथेच जायला लागली. तिसऱ्या रविवारी गाडीवालीही आली, आपला लॅपटॉप घेऊन. टेबलावर जागा नव्हती, म्हणून ती पलंगावर बसली. स्वेटर कुणाचा ते तिने विचारलं नाही. थंडी वाढल्यावर धाकटीनेच तो काढून अंगात घातला, आणि कामावरही घालून गेली.

पाचव्या रविवारी, सहाला दहा मिनिटं असताना, काळोख्या शेवटच्या घटकेला आला. पहाड कोसळायच्या बेतात होता. त्याला सांभाळावं की आपला दिवा गाठावा, या पेचात धाकटीची बोटंच थिजली. पलंगावरून गाडीवाली अगदी संथपणे म्हणाली, "घाई नाही. आधी त्यांना बघा, मग वळा. मी धरते त्याला." आणि तिने तो अवाढव्य शत्रू जागच्या जागी थांबवला, मोजून चार सेकंद. तेवढ्यात धाकटीने पहाडला उभं केलं आणि वळली. आठ दिवे लागले. शहर पडद्यावर उजळत गेलं, एकेक रस्ता करून. जल्लोष असा कुणी केलाच नाही. बाई नुसत्या म्हणाल्या, "शाब्बास मुलांनो." ते सगळे बराच वेळ तसेच, उजेडात उभे राहिले.

भावजींचं लग्न त्यानंतर तीन महिन्यांनी, एका गुरुवारी, नोंदणी कार्यालयात झालं. बाई सहा तासांचा प्रवास करून आल्या. एवढ्या जरबेच्या आवाजाची बाई धाकटीच्या खांद्यालाही लागत नसेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. साक्षीदार तिघं: नवरीच्या शाळेतला एक सहकारी, बाई आणि धाकटी. कारकून वयस्कर होता आणि त्याला जेवणाच्या सुट्टीची घाई होती. बाईंचा मजकूर उतरवून झाल्यावर त्याने धाकटीकडे पाहिलं.

"नवरदेवाशी नातं?"

"मेहुणी," धाकटी म्हणाली. दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता.

"म्हणजे नवरीची बहीण," कारकून लिहिता लिहिता म्हणाला.

भावजींनी दचकून वर पाहिलं. धाकटी खुलासा करण्यासाठी शब्द जुळवू लागली. कुठून सुरुवात करावी, तापापासून की खेळापासून, तेच तिला ठरवता येईना. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला.

"हो," नवरी म्हणाली. "धाकटी."

कारकुनाने तसं लिहिलं आणि रजिस्टर फिरवून पुढे सरकवलं. धाकटीने सही केली. डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती, त्यामुळे ती जरा तिरकी आली, पण कारकून म्हणाला, चालेल.