पद्माकरकाकांची पुडी

मी मुळातच तापट. पण सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या सामुदायिक बागेतल्या माझ्या वाफ्यानं माझी चांगली जिरवली. तांबडी, चिकट माती, आणि आम्लधर्मी इतकी की भेंडी वीतभर वाढायची नि पिवळी पडायची. शेवटी माती सुधारायला म्हणून गणपतीत मोदकांसाठी फोडलेल्या नारळांच्या करवंट्या घरोघरी फिरून गोळा केल्या आणि ओळखीच्या एका शेतावरच्या भट्टीत त्यांचा कोळसा करून आणला. कोरा कोळसा तसाच घातला, तर मातीतलं होतं नव्हतं ते खत तोच शोषून घेतो. म्हणून पिंपात कोंबडीखत आणि मराठी घरांतलं निर्माल्य पाण्यात कालवून त्यात तो तीन आठवडे मुरत ठेवला.

निर्माल्य लोक आनंदानं देतात. फ्लॅटमधून कचरा खाली टाकायच्या चूटमध्ये देवाची फुलं टाकायला कुणाचा हात धजत नाही.

चोआ चू कांगला राहणाऱ्या पद्माकरकाकांनीही एक पुडी दिली. मीनलकाकूंना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या हातच्या शेवटच्या पूजेची फुलं होती ती, वाळून चुरा झालेली. ही मातीत वेगळी पूर, स्वच्छ जागी, रविवारी मी येतोच, म्हणाले.

शनिवारी पहाटे पिंपात उरलेला कोळसा ओतला. पाऊस पडून गेला होता, बागेवर धुकं होतं. पाण्यात बुडताना कोळसे हलकेच चुरचुरत होते. त्या आवाजानं डोळे जड झाले. मी पिंप ढवळतेय की मलाच कुणी ढवळतंय, कळेना. त्याच तंद्रीत निर्माल्याची एकेक पिशवी रिकामी करत गेले. भानावर आले तेव्हा हातात काकांच्या पुडीचा नुसता कागद होता.

अगं बाई! कोंबडीखतात? दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. खोटं बोलावं, असंही मनात आलं. पण रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून आले, बागेच्या दाराशी चपला काढल्या, आणि मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

काकांनी बाही सारून कोपरापर्यंत हात पिंपात घातला आणि किती तरी वेळ चाचपडत राहिले. हाताला काळा गाळ तेवढा लागला. तो नाकाशी नेला. घाण येत नव्हती, ओल्या रानासारखा वास होता. मग तोच गाळ त्यांनी वाफ्यात पसरला.

"वर्षभर पुडी उशाशी होती," ते म्हणाले. "तुला दिली खरी, पण आज परत मागायलाच आलो होतो गं."

आणि पुढची ओंजळ घ्यायला वाकले.