भिवाजीची जागा

माझं डोकं गरम हाय, हे सगळ्या गुजरीला ठाऊक. कुणी लसणाची गड्डी फोडून बघितली की मी त्याचा हात धरते, मग तो पाटील असो का पोलीस. पण त्या दिवशी पालिकेत माझ्या हातून जे झालं ते रागानं झालं का भीतीनं, हे मला अजून उमगलं न्हाई. तुमीच ऐका आन् सांगा.

आमची गुजरी म्हणजे गावाच्या मधोमध भाजीपाल्याची गल्ली. एका टोकाला पिठाची गिरणी, दुसऱ्या टोकाला मशिदीची भिंत. एके काळी इथं पार शिरड शहापूरपासून माणसं यायची, पाय ठेवायला जागा नसायची. मग बायपास झाला. जीपा गावाबाहेरूनच पळायला लागल्या, स्टँडकडं काचेची दुकानं झाली, आन् लोकांच्या सुना फोनवर कांदे मागवायला लागल्या. फोनवर कांदे! अगं, कांदा दाबून बघितल्याबिगर घेऊ न्हाई, एवढं बी आईनं शिकवलं न्हाई व्हय? साठ-सत्तरजण बसायचो, तिथं एकतीस उरलो. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात डोक्यावर ऊन, आन् बाईमाणसाला अडचणीला जायचं तर घर गाठावं लागायचं. बारा वाजले की माशा मारत बसायचो.

असं असताना पालिकेत शीतल मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढी, साक्षीएवढी, पण पायजमा वर खोचून चिखलात उतरली आन् टेप लावून सगळी गल्ली मोजली. म्हणाली, वर पत्रे घालू, खाली पक्के ओटे बांधू, नळ, दिवे, बायांसाठी संडास. बाजार परत उभा करू. अट एकच. ओटा ज्याच्या नावावर, तोच बसणार. यादीत नाव न्हाई त्याला गल्लीत बसता येणार न्हाई. तवा कोणती जागा कुणाची, हे लिहून द्या.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सातवी शिकलेली, अक्षर बरं, आन् गुजरीत माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप न्हाई. मी वही घेतली.

आता आमच्या गुजरीची एक रीत हाय. जागेला जित्या माणसाचं नाव लागत न्हाई. बसणारा कुणी बी असो, जागा तिथं आधी बसून गेलेल्याची. रामकिशन तीस वर्षांपासून वांगी विकतो, पण जागा 'खेमाची'. खेमा त्याचा बाप. पार्वतीबाई बसते ती 'सेवाबाईची', म्हणजे तिच्या सासूची. आपल्या तोंडानं 'ही माझी जागा' म्हणणं म्हणजे आपणच आपलं मरण बोलावणं. म्हणून मी पोत्यापोत्याशी जाऊन विचारलं, जागा कुणाची? ज्यानं त्यानं बराबर सांगितलं, मी बराबर लिहिलं. सातव्या नंबराला माझी जागा आली. तिथं मी लिहिलं, भिवाजी. अक्षर जरा मोठंच काढलं.

भिवाजी माझा कुणी नव्हता. मालक गेले तवा साक्षी मांडीवर होती. टोपलीत चार पायल्या मिरची घेऊन मी गुजरीत आले तर कुणी टोपली टेकवू देईना. ज्यानं त्यानं हाकलून दिलं. भिवाजीनं कुणाला काही विचारलं न्हाई. आपलं पोतं हातभर सरकवलं आन् म्हणाला, "बस पोरी." तो बी मिरचीच विकायचा. आपल्या शेजारी मिरचीवाली बसवून घेणारा माणूस मी त्याच्याआधी पाह्यला न्हाई आन् त्याच्यानंतर बी न्हाई. अकरा वर्षं त्याच्या बाजूला बसले. साक्षी त्याच्याच पोत्यावर झोपून मोठी झाली. खोकल्यानं खचला तवा म्हणाला, आता जागा तू सांभाळ. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या जागेवर मी पोरीचं शिक्षण केलं, लगीन केलं, आन् आता माझा म्हातारपणीचा घास बी तिथलाच. दुसरं काही न्हाई मला. शेत न्हाई, भाऊ न्हाई.

यादी दिली आन् महिन्याभरानं मॅडमनी सगळ्यांना पालिकेत बोलावलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक. माझी वही पुढं होती आन् बाजूला जन्ममृत्यूचं जाडजूड रजिस्टर. म्हणाल्या, "पद्माबाई, या यादीतलं एकबी माणूस जिवंत न्हाई."

आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. एकतीस नावं, एकतीस मयत. मी माझ्या हातानं लिहिलेली, रेघ मारून, नंबर टाकून. रामकिशन पहिला हसला. म्हणाला, मग ओटे मसणातच बांधा, गिऱ्हाईक बी तिथंच येईल. सगळे खो खो हसले. मी बी हसले. मॅडम हसल्या न्हाईत. कारण यादी वर गेली होती आन् त्याच नावांनी मंजूर होऊन आली होती. आता नावं बदलायची तर एकच रस्ता, मेलेल्याचा वारस दाखवायचा.

तसा सगळ्यांनी श्वास सोडला. रामकिशन खेमाचा पोरगा. पार्वतीबाई सेवाबाईची सून. कुणी पुतण्या, कुणी नातू. मॅडम एकेकाला विचारत गेल्या आन् टिक करत गेल्या. सातव्या नंबराशी पेन थांबला.

"भिवाजी तुमचे कोण?"

एवढी वटवट करणारी मी, पदराचं टोक पिळत राह्यले. शेवटी पार्वतीबाईनंच हळूच सांगितलं, कुणी न्हाई म्हणून. मॅडमनी डोळे मिटले. मग कागद बघून म्हणाल्या की भिवाजीला मुलगा हाय, अमृतराव, नांदेडला असतो, त्याला नोटीस जाईल. तीस जणांचा कागद झाला, आन् सगळ्यात जुन्या बसणाऱ्यांपैकी मी एकटी लटकले. तेही माझ्याच अक्षरानं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथं तर दांडा बी मीच आन् गोत बी मीच.

अमृतरावांना मी एकदाच बघितलं होतं, भिवाजीच्या मातीला. एसटीत कंडक्टर होते. मग गुजरीतली तोंडं चालू झाली. एक म्हणे त्याचा पोरगा घरी बसून हाय, त्याला मोबाइलचं दुकान टाकायचंय. दुसरा म्हणे पक्का ओटा फुकट भेटून राहिला तर कोण सोडतं. मी वरून म्हणायची, येऊ द्या की, बघते. आतून माझं पाणी पाणी होऊन राह्यलं होतं. डोळ्यापुढं ओटे बांधून होत होते. सातव्या ओट्यावर गवंडी पाणी मारायचा आन् मी बाजूला मातीत पोतं टाकून बघत बसायची.

मी मॅडमकडं तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिनं दार लोटलं आन् हळू आवाजात सांगितलं. एक वाट हाय. तुमी लिहून द्यायचं, की सात नंबरला भिवाजी नावाचा इसम कधी बसलेला न्हाई, नाव चुकून लिहिलं गेलं, जागा पहिल्यापासून माझीच. सगळे साक्ष देतील. पण घाई करू नका, म्हणाली. आधी त्यांचा मुलगा काय म्हणतो ते ऐकू.

ऐकू म्हणाली पोरगी. किती शहाणं बोलली होती.

तारखेच्या दिवशी अमृतराव आले. डोक्याचं सगळं पांढरं झालेलं, हातात कापडी पिशवी. मॅडमच्या टेबलापुढं बसले, मला बघून उठले, जयभीम पद्माताई म्हणाले. आन् म्हणाले, बाबाच्या जागेचं बोलायचं होतं.

बाबाची जागा! तेवढंच माझ्या कानात शिरलं. मग माझं तोंड सुटलं. म्हणलं, एकोणीस वर्षं कुठं होतात? बाप खोकून खोकून मेला तवा पाणी कुणी पाजलं? ओटा पक्का झाला तशी बरी बापाची याद आली! त्यांनी दोनदा तोंड उघडलं. "ताई, ऐकून तर घ्या," म्हणाले. काय ऐकायचं, म्हणलं. मी मॅडमच्या पुढ्यातला पेन उचलला. मॅडम थांबा थांबा म्हणून राहिली. मी थांबले न्हाई. त्यांच्या डोळ्यादेखत लिहिलं, सात नंबरच्या जागेवर भिवाजी नावाचा इसम कधीही बसलेला नाही. खाली सही केली आन् कागद टेबलावर आपटला. वाचा, म्हणलं.

अमृतरावांनी पिशवीतून घडी केलेला स्टँपपेपर काढून मॅडमपुढं सरकवला आन् माझा कागद हातात घेतला. खिशातला चष्मा काढून डोळ्यावर लावला. बोट फिरवत वाचायला लागले.

इकडं मॅडमनी स्टँपपेपर मोठ्यानं वाचला. त्यात होतं, की माझे वडील भिवाजी यांनी मरणाआधी ही जागा पद्माबाई यांना दिली होती. माझा व माझ्या मुलांचा तिच्यावर हक्क नाही. ओटा पद्माबाईंच्याच नावे करावा.

मी कागदाकडं हात टाकला, पण अमृतरावांचं वाचून होत आलं होतं. मॅडमनी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला, याची गरज न्हाई म्हणाली, चार तुकडे केले. पण वाचलेलं फाटतंय व्हय? मी त्यांच्या पायाशी वाकले. म्हणलं, भाऊ, शिव्या द्या, जोड्यानं मारा, पण बोला. मला खरंच वाटत होतं त्यांनी मारावं.

त्यांनी मला उठवलं. राग न्हाई, काही न्हाई. नुसतं हरवल्यासारखं बघत होते.

"पद्माताई," म्हणाले, "मग माझा बाप रोज पहाटं मिरचीचं पोतं डोक्यावर घेऊन जात कुठं होता?"

ते पिशवी उचलून स्टँडकडं गेले. चहा बी घेतला न्हाई.

ओट्यांचं उद्घाटन झालं त्याला आठ महिने झाले. पत्रे हायेत, नळाला पाणी हाय, संध्याकाळी दिवे लागले की आता गोरेगावकडची माणसं बी येतात. मागून यादीत नवी नावं बी लागली, साठावर ओटे भरलेत. फोनवर कांदे मागवणाऱ्या सुना लेकरं घेऊन येतात आन् कांदा दाबून बघतात. रामकिशन म्हणतो, पद्माबाईच्या मेलेल्यांनी बाजार जिता केला. सगळे हसतात. सात नंबरवर मी बसते, धंदा कधी नव्हता एवढा हाय.

तेवढ्या दिवसांत मी दोनदा नांदेडच्या बसमध्ये बसले. दोन्ही खेपेला वाटेतच कळमनुरीला उतरले आन् वापस आले.