सिंगल मेंबर

बाळाजी मयेकराने बहारीनमध्ये सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना काढला तो दोन साचे आणि चार माणसांवर. १९८१ साली सनद गावाजवळच्या त्या कारखान्यात साठ माणसं होती. आता त्याला मराठी मंडळाचा अध्यक्ष व्हायचं होतं. जानेवारीत त्याने फॉर्म भरला. फेब्रुवारीत बायको, रत्नाबाई, सलमानियाच्या हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही.

निवडणुकीच्या सभेत सेक्रेटरी कॉर्नेलियस डाबरे उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. रत्नाबाई गेली तेव्हा तीन दिवस येऊन बसला होता.

"बाळाजीशेट, राग मानू नका. मत फक्त फॅमिली मेंबरला. वहिनी गेल्या, आता नियमाने तुम्ही सिंगल. उभं राहता येत नाही."

"नियम ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी मीच त्याला हात वर केला होता."

बायका गावी ठेवून लेबर कँपात राहणाऱ्या माणसांनी गणपतीचा मंडप बांधावा, भांडी घासावी. मत दिलं तर डोक्यावर बसतील, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. रत्नाबाई भडकली होती. "तुमचे कामगार माझ्या हातचा जेवतत, ता चालता. मंडळात हात वर केलो तर काय बिघाडता?" तो नुसता हसला होता.

"तुमच्यापुरती सूट देतो ना," कॉर्नेलियस म्हणाला. "स्पेशल केस."

बाळाजीने मागे पाहिलं. त्याचे कामगार भिंतीला टेकून उभे होते.

"ह्यांच्या बायका गावी जिवंत आहेत, तर ह्यांना मत नाही. माझी मेली, तर मला सूट? बायको मेल्याचं बक्षीस देताय काय? नियम काढा, नाहीतर माझं नाव काढा."

"यल्ला, चला, मतदान घ्या!" पुढून कोणीतरी ओरडलं.

नियम काढायला अकरा हात वर झाले. ठेवायला चौतीस. बाळाजीचं नाव खोडलं गेलं. तो उठला आणि मागे भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

दुसरा उमेदवार एकटाच उरला होता, तरी रीत म्हणून हात मोजायचे होते. "फक्त फॅमिली मेंबर," कॉर्नेलियसने बजावलं.

बाळाजीने हात वर केला. विरोधात.

"शेट, तुमचा हात मोजता येणार नाही."

"नको मोजू. खाली येणार नाही."

मुकादम दत्ताराम हळूच म्हणाला, "शेटानू, आमीव वर करू काय?"

"माका काय इचारतस? हात तुझो."

दत्तारामचा हात वर गेला. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचे. कॉर्नेलियस पुढचे हात मोजू लागला, मागे बघून चुकला, आणि परत एकपासून मोजू लागला.