राजदूतबाईंचा नवरा

"तिसरे राजदूत घोड्यावर बसूनच ऑफिसला यायचे," सुहासिनी फोनवर इंग्रजीत सांगत होती, "आणि घोडा सरळ झेंड्याच्या खांबाला बांधायचे. दुसऱ्यांच्या मिसेसनी लंडनहून पियानो नेला होता, तो बोटीतून उतरवताना पाण्यात पडला."

मी समोर वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. वाचत नव्हतो. पहिले राजदूत झाले, दुसरे झाले, घोड्यावाले तिसरे झाले, ब्रह्मचारी चौथे झाले, आजारी पडून परतलेले पाचवे मिस्टर मेरिकही झाले. आता तरी बाई स्वतःवर येतील म्हणून मी कान टवकारले. पण ती एक श्वास घेऊन म्हणाली, "आणि मग सहावे, मिस्टर थॉर्नबी." वर्तमानपत्र माझ्या हातात चुरगळलं.

बेटाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की लोक नकाशा काढतात, आणि नकाशात ते सापडलं नाही की आमच्याकडे संशयाने बघतात. पॅसिफिक महासागरात आहे एवढं पुरे. सगळ्या बेटावर मिळून माणसं लंडनजवळच्या आमच्या स्लाऊ गावापेक्षा कमी. ते स्वतंत्र झालं तेव्हा ब्रिटनने तिथे वकिलात उघडली होती. आता, दोन हजार पाच साली, खर्च परवडत नाही म्हणून ती बंद होत होती. त्यानिमित्त लंडनला निरोपसमारंभ होणार होता आणि तिथल्या सगळ्या राजदूतांचा इतिहास सांगणारी एक देखणी पुस्तिका निघणार होती. ती लिहिण्याचं काम मिस्टर हॅलम नावाच्या निवृत्त गृहस्थांकडे होतं, आणि फोनवर तेच होते. त्यांना माहिती पुरवायला सुहासिनी चालत होती. पुस्तिकेत यायला मात्र नाही.

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कमल, डोन्ट स्टार्ट."

"मी काही बोललोय का?"

"तुझा पेपर बोलतोय. हे बघ, ज्याने तिथल्या राष्ट्रप्रमुखाला आपलं नेमणूकपत्र दिलं तो ॲम्बॅसेडर. मी नाही दिलं. मी फक्त कव्हर करत होते. रूल इज रूल."

सुहासिनी ब्रिस्टलमध्ये वाढलेली. तिथे तिचे वडील डॉक्टर होते. लग्नानंतर तिने मला पहिल्या दिवसापासून 'कमल' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा रत्नागिरीहून आलेल्या माझ्या आईला पाणी प्यावं लागलं होतं. परराष्ट्र खात्यात ती टायपिस्ट म्हणून लागली आणि एकेक पायरी चढत, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, त्या बेटावर दुय्यम अधिकारी म्हणून गेली. मी स्लाऊच्या बस डेपोत फिटर होतो. नोकरी सोडून मी तिच्याबरोबर गेलो. मित्रांनी मला वेड्यात काढलं. बायकोच्या बदलीच्या गावी जाणारा नवरा त्यांनी पाहिलेला नव्हता.

तिथे वर्ष झालं असेल-नसेल, मेरिकसाहेबांना हृदयाचा झटका आला. विमानाने त्यांना लंडनला हलवलं. नवा राजदूत येईपर्यंत वकिलात सुहासिनीच्या हाती आली. आम्ही आमच्या दोन खोल्यांतून राजदूतांच्या बंगल्यात राहायला गेलो. गाडीवर झेंडा लागला. समारंभात ती पुढे आणि मी दोन पावलं मागे, असं चालायचं असतं हे मला ड्रायव्हरने शिकवलं. गोऱ्या बायकांच्या सकाळच्या कॉफीला मला बोलावणी येऊ लागली. कारण राजदूताच्या जोडीदाराने तिथे जायचं असतं! बंगल्याच्या आवारात नीरफणसाचं झाड होतं. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं? मी त्यांना नीरफणसाचे काप करून घातले, रवा लावून, चांगले कुरकुरीत. त्यानंतर कॉफी आमच्याकडेच व्हायला लागली.

आणि मग वादळ आलं. बेटावरचे सगळे ब्रिटिश, म्हणजे शाळामास्तर, दोन नन्स, एक नावेवरचं जोडपं, सुहासिनीने बंगल्याच्या जेवणघरात आणून ठेवले. छप्पर उडालं ते आमच्या देखत. ती त्या नन्सचे हात धरून टेबलाखाली बसली होती आणि मोठ्या आवाजात त्यांना ब्रिस्टलमधल्या आपल्या शाळेच्या गमती सांगत होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात राणीच्या वाढदिवसाची पार्टी होती. लंडनहून निरोप आला, रद्द करा. ही म्हणाली, इथल्या लोकांची घरं गेलीत, त्यांना कुठेतरी एकत्र बसायला हवं. बंगल्यातल्या खुर्च्या वाऱ्यावर गेलेल्या. ते गावभर माहीत होतं. पार्टीच्या संध्याकाळी बघतो तर प्रत्येक पाहुणा आपापली खुर्ची घेऊन येत होता, आणि सगळ्यांच्या पुढे डोक्यावर खुर्ची घेतलेले खुद्द पंतप्रधान. सुहासिनी फाटकाशी उभी राहून प्रत्येकाशी हात मिळवत होती. तिला तशी मी आधी कधी पाहिली नव्हती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी काप करपवले.

आठ महिन्यांनी थॉर्नबी आले. दुपारी विमान उतरलं आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा दोन खोल्यांत. तिने किल्ल्या दिल्या, स्वयंपाकघरातला कुठला नळ गळतो ते मिसेस थॉर्नबींना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या टेबलाशी जाऊन बसली. आम्ही तिथे आणखी वर्षभर होतो. त्या आठ महिन्यांबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. स्लाऊच्या मराठी मंडळात कोणी विचारलं, "तुम्ही तिकडे काय करत होतात?" तर म्हणायची, "ऑफिसात होते."

समारंभाच्या दिवशी गाडी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनात पोचेपर्यंत तिने माझ्याकडून वचन घेतलं. "तू मिस्टर हॅलमना काही सांगायचं नाही. प्रॉमिस?"

"काही नाही सांगणार. कोणी विचारलं तर उत्तर तरी देऊ ना?"

"विचारलं तेवढंच."

मेरिकसाहेब काठी टेकत आले होते. माणूस प्रेमळ. सुहासिनीला बघून त्यांचे डोळे भरून आले. "तू माझं छप्पर सांभाळलंस," ते म्हणाले.

"छप्पर तर उडालं, सर," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

तेवढ्यात फोटोग्राफरने हाक दिली. माजी राजदूतांनी जिन्यावर यावं. पहिले दोघे देवाघरी गेले होते, बाकीचे चौघे निघाले. निघताना मेरिकसाहेबांनी आपला ग्लास सहज सुहासिनीच्या हातात दिला. ते बघून थॉर्नबींनीही दिला, आणि ब्रह्मचारी चौथ्यांनी ग्लासाबरोबर आपली छत्रीही. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. तीस वर्षं ती लोकांच्या वस्तू सांभाळत आली होती, तिचा हात आपोआप पुढे झाला. दोन हातांत तीन ग्लास, काखेत छत्री, अशी ती जिन्याखाली उभी राहिली आणि वर बघत राहिली. मी तोंड उघडलं. तिने नुसती मान हलवली. मी तोंड मिटलं.

मग जोडीदारांचा फोटो. पहिल्या दोघांच्या विधवा, तिसऱ्यांची, पाचव्यांची आणि सहाव्यांची बायको, अशा पाचजणी जिन्यावर उभ्या राहिल्या. मी कोटाच्या खिशात हात घालून भिंतीशी होतो. मिसेस थॉर्नबींनी वरून मला पाहिलं.

"कमल! तिथे काय करतोयस? वर ये."

मिसेस मेरिकनी तर खाली येऊन माझा दंड धरला. मी सुहासिनीकडे पाहिलं. ग्लास सांभाळत तिने खांदे उडवले. मी गेलो. पाच बायका आणि मध्ये मी.

मिस्टर हॅलम फोटोखालची नावं लिहून घेत होते. माझ्यापाशी आले आणि अडखळले. "माफ करा, आपण कोणाचे...?"

"सुहासिनी नेवरेकरांचा नवरा," मी म्हटलं. विचारलं तेवढंच.

त्यांनी हातातला कागद वर-खाली पाहिला. "पण त्या तर..."

"असं काय करता?" मिसेस थॉर्नबी म्हणाल्या. "आम्ही उतरलो तेव्हा यजमान हाच होता. आमचं पहिलं जेवण याने रांधलंय. तो आमच्यातलाच आहे, लिहा."

हॅलमनी लिहिलं. गोऱ्या माणसाचा भिडस्तपणा कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

शरद ऋतूत पुस्तिका आली. एका पानावर सहा राजदूत, घोड्यासकट. कुठेही सुहासिनीचं नाव नाही. आणि पान उलटलं की अर्ध्या पानाचा फोटो, खाली मजकूर: 'राजदूतांचे जोडीदार'. पाच बायका, त्यांच्यात कोट घातलेला मी आणि माझं पूर्ण नाव, श्री. कमलाकर नेवरेकर.

सुहासिनी ते पान बघत बसली. मग तिला हसू फुटलं. "तू ऑफिशियल झालास, कमल. माझ्याशिवाय!" ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. चष्मा काढल्यावर हसणं थांबलं, डोळे मात्र वाहतच राहिले.

"मला पाहिजे होतं रे," ती म्हणाली. "नाव. मला पण पाहिजे होतं."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि तिचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच हाय स्ट्रीटवर जाऊन फ्रेम आणली, ते पान कापून आत बसवलं आणि बैठकीत लावलं.

दिवाळीत जवळच्याच ब्रॅकनेलहून आमच्या मंडळातले सुमेधा आणि अजय फराळाला आले. पुण्याची मुलं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, इकडे येऊन जेमतेम वर्ष झालेलं. सुमेधा फोटोपाशी गेली आणि खालची ओळ वाचू लागली.

"काका, हे काय? ॲम्बॅसेडर वगैरे? आम्हाला तुम्ही बस डेपोत होतात असं सांगितलंत. यू वेअर अ डिप्लोमॅट?"

अजय चकली हातात धरून माझ्याकडे आदराने बघायला लागला. मी सवयीने सुहासिनीकडे पाहिलं. ऑफिसातला जुना फोटो आहे म्हणेल आणि चिवडा वाढेल, असं मला वाटलं. तिने चिवड्याचा डबा खाली ठेवला. साडीचा पदर नीट केला.

"नाही गं," ती म्हणाली. "मी होते. आठ महिने. काका माझ्याबरोबर आले होते."

मग सुमेधा फोटोपासून वळली आणि तिच्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

"सांगा ना, काकू. पहिल्यापासून."

मी चहा टाकायला आत गेलो. स्वयंपाकघराचं दार मात्र उघडंच ठेवलं.